होम डेपोबाहेरचा मजूर कोणाची रोजी खातो?

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला घर घेतलं आहे. मागच्या अंगणाचं कुंपण बदलायचं आहे आणि थोडं खोदकामही आहे. होम डेपो या बांधकाम-साहित्याच्या मोठ्या दुकानाबाहेर सकाळी मजूर उभे असतात, त्यातल्या बहुतेकांकडे कागदपत्रं नसतात असं ऐकतो. हे लोक पडेल त्या भावात काम करून गरीब अमेरिकन कामगारांची मजुरी पाडतात, हे खरं का? आणि मी त्यांच्यापैकी कोणाला बोलावलं तर कायद्याने अडचण येईल का?

उत्तर:

मी कॅलिफोर्नियात बुडवलेल्या मजुरीचे दावे चालवतो. माझे अशील बहुतेक हातावर पोट असलेले, काही कागदपत्रं असलेले आणि काही नसलेले. त्यामुळे मी कोणाच्या बाजूने बोलतो हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण नेमक्या याच कारणाने या वादातली दोन्हीकडची ठरावीक वाक्यं मला पटत नाहीत. "ते आमची कामं पळवतात" हे जितकं अर्धवट, तितकंच "अमेरिकन माणसाला ती कामं नकोच असतात" हेही अर्धवट. खोदकाम, भिंती उभारणं, छपरं बदलणं, इमारती झाडणं ही कामं या देशात जन्मलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. नको असते ती त्या भावातली आणि त्या अटींवरची कामं.

तेव्हा स्पर्धा आहे. प्रश्न आहे तो कोणाशी आणि किती, हा.

अर्थतज्ज्ञांची यावरची सगळ्यात गाजलेली भांडणं एका घटनेभोवती फिरतात. १९८० साली क्युबातल्या मारियल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक काही महिन्यांत मायामीत येऊन उतरले. शहराचा कामगारवर्ग एकदम फुगला. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये आकडे तपासून सांगितलं की स्थानिकांच्या मजुरीवर दखल घेण्याजोगा परिणाम दिसत नाही. पंचवीस वर्षांनी जॉर्ज बोर्हास यांनी (ते स्वतः लहानपणी क्युबातून आलेले) तेच आकडे पुन्हा उघडले, फक्त शाळा अर्धवट सोडलेले, हिस्पॅनिक नसलेले पुरुष वेगळे काढले, आणि त्यांची मजुरी चांगलीच घसरल्याचं दाखवलं. मग इतरांनी दाखवलं की एवढं चाळल्यावर त्या चाळणीत काही वर्षी मायामीतली जेमतेम वीसेक माणसं उरतात, शिवाय त्याच सुमारास पाहणीत कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण वाढलं होतं, आणि त्यांची मजुरी आधीच कमी असल्याने सरासरी आपोआप खाली दिसली. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, पण म्हणून वाद मिटला असं समजू नका.

मला यातून कामाचा वाटतो तो नॅशनल अकॅडमीज या अमेरिकेतल्या विज्ञान अकादम्यांच्या २०१६ च्या मोठ्या अहवालाचा सूर. दहा वर्षांहून मोठा काळ घेतला तर स्थानिकांच्या एकूण मजुरीवर स्थलांतराचा परिणाम फारच थोडा. जिथे फटका दिसतो तिथे तो आधी बसतो पूर्वी येऊन स्थिरावलेल्या स्थलांतरितांना, आणि त्यांच्यानंतर शाळा अर्धवट सोडलेल्या स्थानिकांना. माझ्या ऑफिसात बसून हे अगदी ओळखीचं वाटतं. होम डेपोबाहेर नव्याने आलेल्या ग्वातेमालाच्या पोराबद्दल सगळ्यात कडवट बोलतो तो पंधरा वर्षांपूर्वी आलेला मेक्सिकन गवंडी. टीव्हीवर ओरडणाऱ्या माणसाचं या स्पर्धेत काहीच जात नाही.

पण हे तक्ते भाव किती पडला ते सांगतात, तो पाडला कसा जातो ते सांगत नाहीत. ते तुमच्या कुंपणाच्याच उदाहरणाने दाखवतो. आकडे समजण्यापुरते धरले आहेत.

समजा काम चार माणसांचं, पाच दिवसांचं, रोज आठ तास; म्हणजे १६० तास. पहिला ठेकेदार परवानाधारक आहे. तो तासाला २५ डॉलर देतो, म्हणजे ४,००० डॉलर. त्यावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा मालकाचा हिस्सा ७.६५ टक्के, म्हणजे ३०६. कामगार-अपघात विमा १५ टक्के धरू (छपराच्या कामाला तो यापेक्षा पुष्कळ जास्त असू शकतो), म्हणजे ६००. मजुरीचा खर्च झाला ४,९०६. दुसरा ठेकेदार सकाळी कोपऱ्यावर गाडी थांबवतो आणि "रोजचे दीडशे, रोख" म्हणून चौघांना उचलतो. तासाला पावणेएकोणीस डॉलर पडतात. कॅलिफोर्नियाचं २०२५ चं किमान वेतन १६.५० होतं (फ्रीमाँटसारख्या शहरांचं स्वतःचं किमान त्याहून थोडं वर असतं), म्हणजे तोंडी ठरलेला भाव कायद्यात बसतो. पाच दिवसांचे होतात ३,०००. पहिले तीन दिवस तो रोज संध्याकाळी पैसे देतो. चौथ्या दिवशी "मालकाचा चेक वटायचा आहे, उद्या दोन्ही दिवसांचे देतो" म्हणतो. पाचव्या दिवशी काम संपतं आणि फोन बंद होतो. त्याने प्रत्यक्षात दिले १,८००. म्हणजे तासाला सव्वाअकरा डॉलर.

पहिला माणूस या दुसऱ्याच्या खाली निविदा भरूच शकत नाही. त्याच्याकडे कामाला असलेला अमेरिकन सुतार घरी बसतो आणि म्हणतो, त्या लोकांनी माझं काम नेलं. काम गेलं हे खरंच आहे. पण १,८०० आणि ४,९०६ यांच्यातली ३,१०६ डॉलरची दरी सगळी मजुराच्या स्वस्त भावामुळे पडलेली नाही; कमी भावाचा तिच्यातला वाटा १,००० चा. आणि तो दीडशेचा भावही ठेकेदारानेच सांगितला होता. कोपऱ्याकोपऱ्यावर मजुरांचा आपसात ठरलेला किमान भाव असतो, त्याखाली कोणी गाडीत बसला तर बाकीचे त्याला चांगलंच सुनावतात. दुपार टळल्यावर भाव उतरतो हेही खरं, पण अर्धा दिवस गेलेला असतो. बाकीची २,१०६ ची दरी पडली ती बुडवलेली मजुरी, न भरलेला कर आणि न काढलेला विमा यांनी. आणि ते तिन्ही पचतं, कारण समोरचा माणूस तक्रार करणार नाही अशी ठेकेदाराची खात्री असते.

हे एखाद्या बदमाश ठेकेदारापुरतं आहे असं वाटत असेल, तर या मजुरांची देशभरची जी पहिली मोठी पाहणी झाली तिच्याकडे बघा. यूसीएलएचे आबेल वालेन्झुएला आणि सहकाऱ्यांनी ती २००६ मध्ये प्रसिद्ध केली. कोणत्याही एका दिवशी सुमारे १,१७,६०० माणसं अशी काम शोधत किंवा करत असतात असा अंदाज त्यात आला. तीन चतुर्थांश कागदपत्रं नसलेले. जवळपास निम्म्यांना आधीच्या दोनच महिन्यांत कधी ना कधी मजुरी मिळालेली नव्हती. आणि त्यांना कामावर नेणारा सगळ्यात मोठा गट ठेकेदारांचा नव्हता, तुमच्यामाझ्यासारख्या घरमालकांचा होता. सुमारे ४९ टक्के. पाहणी वीसेक वर्षांपूर्वीची आहे, आकडे बदलले असतील, पण रीत तीच आहे हे मी रोज बघतो.

आता कायद्याने ही खात्री ठेकेदाराला कशी पुरवली ते बघू. १९८६ चा इमिग्रेशन सुधारणा कायदा राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीने झाला. त्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं आणि त्याचबरोबर जाणूनबुजून कागदपत्रं नसलेल्याला कामावर ठेवणं पहिल्यांदाच देशभर बेकायदा ठरवलं. हेतू मालकाला चाप लावायचा होता. प्रत्यक्षात मालकाला फक्त आय-नाइन हा कामाच्या परवानगीचा अर्ज भरून कागद वरवर खरा वाटतोय एवढंच बघायचं होतं, आणि स्वतंत्र कंत्राटदार म्हणून दाखवलेल्या माणसासाठी तेही नाही. मग कामं पोटठेकेदारांकडे आणि त्यांच्या पोटठेकेदारांकडे सरकली. चाप राहिला मजुराच्याच गळ्याशी. २००२ मध्ये हॉफमन प्लास्टिक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की युनियनच्या खटपटीसाठी बेकायदा काढून टाकलेल्या माणसाकडे कागदपत्रं नसतील तर त्याला त्या काळाची भरपाई मिळणार नाही. केलेल्या कामाची मजुरी मात्र मिळतेच, हा निकाल तिला हात लावत नाही. पण कोपऱ्यावर पोहोचलं ते एवढंच की आपल्याला हक्क नाहीत.

लॉस एंजलिसमध्ये हे आधीच घडून गेलं होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मोठ्या इमारती झाडणारे सफाई कामगार मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय होते, युनियनमध्ये होते आणि बऱ्यापैकी कमावत होते. इमारतमालकांनी युनियनवाल्या कंपन्या सोडून बिनयुनियनच्या ठेकेदारांना कामं दिली. मजुरी आणि आरोग्यविमा गेला, जुने लोक गेले, आणि त्या पडलेल्या भावात सेंट्रल अमेरिकेतून आलेले लोक भरले गेले. ठेका आधी बदलला, माणसं मागाहून बदलली. बाहेरून बघणाऱ्याला मात्र फक्त चेहरे बदललेले दिसतात. पुढे १९९० मध्ये सेंच्युरी सिटीत संप करून, पोलिसांचा मार खाऊन, मजुरी पुन्हा वर नेणारे हेच नवे लोक होते. दोन वर्षांनी दक्षिण कॅलिफोर्नियात घरांना ड्रायवॉल (भिंतींच्या जिप्समच्या पाट्या) लावणारे मेक्सिकन कारागीर महिनोन्‌महिने संपावर गेले, त्यातले अनेक कागदपत्रं नसलेले. ठेकेदार शेवटी वाटाघाटीला बसले ते घोषणांना घाबरून नाही, तर थकवलेल्या ओव्हरटाइमचे दावे कोर्टात पडल्यावर. नाक दाबल्यावर तोंड उघडतं ते असं.

या वादाला फक्त गोरे विरुद्ध मेक्सिकन असा रंग देणाऱ्यांना मी सॅन फ्रान्सिस्कोचा सेसार चावेस रस्ता दाखवतो. वर्षानुवर्षं तिथे कामाची वाट बघत रोजंदारीवाले उभे राहत आले आहेत, बहुतेक कागदपत्रं नसलेले. रस्त्याला १९९५ साली ज्यांचं नाव दिलं त्या शेतमजूर नेत्याची भूमिका या बाबतीत चांगलीच कडक होती. १९७४ मध्ये चावेस यांच्या युनियनने संप फोडायला आणल्या जाणाऱ्या मजुरांविरुद्ध मोहीम उघडली आणि कार्यकर्त्यांनी ॲरिझोनाच्या सीमेवर पहारे लावले. त्यात मारहाणीचे आरोपही झाले. चावेस यांची तक्रार खोटी नव्हती, मळेवाले खरंच संप फोडायला माणसं आणत होते. पण त्याच युनियनमध्ये कागदपत्रं नसलेले सदस्यही होते. अमेरिकेतल्या युनियनच्या मोठ्या महासंघाने, म्हणजे एएफएल-सीआयओने, २००० साली भूमिका फिरवली आणि मालकांवरच्या दंडाची तरतूद रद्द करून लोकांना कायदेशीर करा अशी मागणी केली. २००६ मध्ये त्यांनी रोजंदारी मजुरांच्या राष्ट्रीय संघटनेशी करार केला. यात भूतदया कमी आणि हिशेब जास्त होता: शेजारचा बोलू शकत नसेल तर आपल्या सभासदाचा भावही टिकत नाही.

"मग सरळ हाकलून द्या, भाव आपोआप वर येतील" हा पुढचा युक्तिवाद. ऐकायला बिनतोड आहे आणि निदान दोनदा मोठ्या प्रमाणावर करून बघितला गेला आहे. १९४२ पासून चाललेला मेक्सिकन शेतमजुरांचा ब्रासेरो करार १९६४ च्या शेवटी बंद केला गेला. मायकल क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी नंतर राज्याराज्यांची तुलना केली तेव्हा जिथे ब्रासेरो भरपूर होते तिथे स्थानिक शेतमजुरांचे दर इतर ठिकाणांपेक्षा जास्त वाढलेले दिसले नाहीत. मळेवाल्यांनी पिकं बदलली आणि यंत्रं आणली. कॅलिफोर्नियात प्रक्रियेच्या टोमॅटोची काढणी काही वर्षांत जवळजवळ सगळी यंत्राने होऊ लागली. दुसरा प्रयोग ॲरिझोनाचा. २००७ च्या कायद्याने तिथे प्रत्येक मालकाला ई-व्हेरिफाय, म्हणजे कामाची परवानगी ऑनलाइन तपासायची सरकारी सोय, सक्तीचं केलं. कागदपत्रं नसलेल्यांची संख्या घटली, पण जे राहिले त्यातले बरेच पगारी नोकरीतून सुटून 'स्वतंत्र कंत्राटदार' बनले, म्हणजे वर सांगितलेल्या रोख व्यवहारात उतरले. कमी शिकलेल्या स्थानिकांना ठळक फायदा झाल्याचं संशोधकांना सापडलं नाही.

इथे एक आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो मला प्रामाणिक वाटतो. बार्बरा जॉर्डन टेक्सासच्या कृष्णवर्णीय खासदार होत्या, नागरी हक्कांच्या चळवळीतल्या. १९९० च्या दशकात इमिग्रेशन आयोगाच्या अध्यक्ष म्हणून त्यांनी मालकांनी कामगारांची कागदपत्रं काटेकोर तपासलीच पाहिजेत असा आग्रह धरला. कायदे सगळे पाळले गेले तरी हात वाढले की सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाची सौदा करण्याची ताकद थोडी कमी होते, हे मला नाकारता येत नाही. तुरुंगातून सुटलेल्या किंवा शाळा सोडलेल्या माणसाला मुकादम आधी विचारत होता आणि आता विचारत नाही, हेही घडतं. मुकादम स्वतःच्या गावची माणसं आणतो आणि कामावरची भाषाच बदलते. हा फटका खरा आहे. मला तो बुडवेगिरीच्या फटक्यापेक्षा लहान वाटतो. दुसरा कुणी वकील उलटं सांगेल.

मात्र कागद हातात आला की सगळं सुटतं असंही नाही, आणि याचं उदाहरण आपल्याच लोकांचं आहे. २००५ च्या कतरीना वादळानंतर बुश सरकारने वादळग्रस्त भागांतल्या सरकारी बांधकामांवरचं प्रचलित वेतनाचं (त्या भागात चालू असलेला दर देण्याचं) बंधन दोन महिने उठवलं होतं. त्याच पुनर्बांधणीच्या काळात सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने भारतातून सुमारे ५०० वेल्डर आणि पाइप फिटर तात्पुरत्या कामासाठीच्या एच-टू-बी व्हिसावर आणले. व्हिसा अस्सल होता. त्यासाठी माणसांनी दलालांना दहा ते वीस हजार डॉलर मोजले होते, ग्रीन कार्डच्या आशेवर. मिसिसिपीतल्या पास्कागूलाला त्यांना कंपनीच्या छावणीत दाटीवाटीने ठेवलं आणि भाडं पगारातून कापलं. व्हिसा त्या एकाच मालकाला बांधलेला, त्यामुळे सोडून जायची सोय नाही. २००८ मध्ये ते काम सोडून रस्त्यावर उतरले आणि २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्युरीने पाच जणांना मिळून १.४ कोटी डॉलर द्यायला सांगितले. मराठी मंडळींच्या गप्पांत एच-वन-बीवरचा माणूस आणि होम डेपोबाहेरचा माणूस ही दोन वेगळी जगं असतात. पगारात आहेतच. पण "हे लोक स्वस्तात काम करून आमची मजुरी पाडतात" हे वाक्य दोघांबद्दल शब्दशः तेच म्हटलं जातं, आणि दोघांच्याही बाबतीत कळीचा मुद्दा हाच की मालकाशी भांडल्यावर माणूस देशात राहू शकतो का.

२०२५ च्या जूनपासून लॉस एंजलिसमध्ये होम डेपोच्या आवारांत धाडी सुरू झाल्या. जुलैत तिथल्या न्यायाधीशांनी केवळ वंश, भाषा, कामाचा प्रकार किंवा ठिकाण बघून अडवायला मनाई केली आणि ८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई स्थगित केली. माझ्या कामावर त्याचा परिणाम सरळ आहे: सुनावणीची तारीख आली की माणूस येत नाही. तक्रारी कमी होतात, बुडवेगिरी होत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. केंद्राच्या नियमांत खाजगी घरातलं क्वचित, अनियमित असं घरकाम 'नोकरी'च्या व्याख्येबाहेर ठेवलं आहे आणि त्याला आय-नाइन लागत नाही. पण त्यात अंगणापासून बांधकामापर्यंत सगळं बसतं असं समजू नका. मजुरीसह एकूण किंमत १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त झाली (२०२५ पूर्वी ही मर्यादा ५०० होती) किंवा बांधकामाचा परमिट लागत असेल, तर कॅलिफोर्नियात काम करणाऱ्याकडे ठेकेदाराचा परवाना हवा. तो नसेल आणि माणूस पडला, तर कायद्याच्या नजरेत त्याचे मालक तुम्ही ठरू शकता. घराच्या विम्यात अधूनमधूनच्या घरगुती कामगाराच्या अपघाताची सोय असते, पण ती त्याने आधीच्या ९० दिवसांत तुमच्याकडे किती तास काम केलं यावर अवलंबून असते. पॉलिसी काढून एकदा वाचा.

कुंपण हे बहुधा ठेकेदाराचंच काम होईल. त्याचा परवाना क्रमांक गाडीवर लिहिलेला असायला हवा. तो राज्याच्या परवाना मंडळाच्या साइटवर टाकला की अपघात विमा चालू आहे की नाही आणि २५,००० डॉलरचा बाँड (ठेकेदाराने द्यायची हमी) आहे की नाही ते दिसतं. बुडवलेल्या मजुरीचा दावा त्या बाँडवरही करता येतो. ज्याची निविदा इतरांपेक्षा निम्म्याने कमी आहे त्याला विचारा की माणसांना चेकने देता की रोख. खोदकामाला कोपऱ्यावरूनच माणूस आणायचा असेल तर भाव, तास आणि जेवणाची सुट्टी गाडीत बसण्याआधी ठरवा, फोनवर मेसेज करून ठेवा आणि पैसे त्याच संध्याकाळी द्या. मजुराची इमिग्रेशनची स्थिती काय हे मजुरीच्या दाव्यात राज्याचे लेबर कमिशनर विचारत नाहीत. पैसे मागितल्यावर "इमिग्रेशनला फोन करतो" म्हणणं कॅलिफोर्नियात स्वतंत्रपणे बेकायदा आहे.

माझ्याकडे येणाऱ्यांच्या खिशात बहुधा एक छोटी वही असते. तारीख, तास, गल्लीचं नाव, आणि नावाच्या जागी "पांढरी टोयोटा, कार्लोस". एवढ्यावर दावा उभा करताना नाकी नऊ येतात, कारण कार्लोसचं आडनाव कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून आम्ही त्यांना गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढायला शिकवतो. तुमच्या दारात कोणी तो काढला तर गैरसमज करून घेऊ नका. आणि तुमच्या ठेकेदाराने आणलेला माणूस आठवड्याने परत येऊन पैसे मिळाले नाहीत म्हणाला, तर त्याला ठेकेदाराचं पूर्ण नाव आणि परवाना क्रमांक लिहून द्या. काम पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांत त्याला तुमच्या घरावरही बोजा नोंदवता येतो, तेव्हा हे तुमच्याही हिताचं आहे.